अर्धं घर मागितलंय कुणी?

लग्न ठरलेल्या मुलाला हल्ली हळदीच्या आधीच एक सल्ला मिळतो: फ्लॅट आईच्या नावावर करून टाक. सल्ला देणारा कधी मामा असतो, कधी ऑफिसातला सीनियर, कधी सोसायटीचा सेक्रेटरी. कारण सगळ्यांचं एकच. सहा महिन्यांत पोरगी निघून गेली तरी अर्धं घर घेऊन जाईल, कायदाच तसा आहे. हे इतक्या ठामपणे सांगितलं जातं की 'कोणता कायदा, कितवं कलम' असं विचारायचं कुणाला सुचत नाही. विचारायला हवं, कारण असा कायदा महाराष्ट्रात नाही.

गोवा आणि दमण-दीव सोडले तर भारतात लग्नामुळे नवरा-बायकोची मालमत्ता एक होत नाही. ज्याच्या नावावर दस्त, त्याचं घर. लग्न सहा महिने टिकलं काय नि सोळा वर्षं टिकलं काय, मालकी तीच राहते. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात घटस्फोट देताना मालमत्तेचा निवाडा करायला कलम २७ आहे. त्याचा आवाका लग्नानिमित्त भेट मिळालेल्या आणि दोघांच्या सामाईक असलेल्या वस्तूंपुरता. नवऱ्याने लग्नाआधी घेतलेला वाकडचा टू बीएचके त्यात बसत नाही. पोटगी आहे, कलम २४ ची तात्पुरती आणि कलम २५ ची कायमची. पण पोटगी म्हणजे घराचा वाटा नव्हे. ती ठरवताना न्यायालय दोघांचं उत्पन्न, गरज, राहणीमान, नोकरी करण्याची क्षमता बघतं आणि लग्न किती काळ टिकलं हेही बघतं. २०२० च्या 'रजनेश विरुद्ध नेहा' निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे मुद्दे स्पष्ट मांडले, दोन्ही बाजूंनी उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यायचं हेही तिथेच ठरवून दिलं. अल्पकाळाचं लग्न हा पोटगी मागणाऱ्याच्या विरोधात जाणारा मुद्दा आहे, त्याच्या हातातलं हत्यार नाही.

मग 'अर्धं घर' आलं कुठून? थोडा दोष संसदेचाही. विवाह कायद्यात दुरुस्ती करणारं एक विधेयक २०१० मध्ये आलं. संसार पूर्णपणे मोडला असेल तर त्याच कारणावर घटस्फोट आणि त्यासोबत पत्नीला पतीच्या मालमत्तेतून हिस्सा, असा त्याचा रोख होता. २०१३ च्या ऑगस्टमध्ये राज्यसभेने ते मंजूर केलं. तेव्हाचे मथळे लोकांच्या डोक्यात पक्के बसले. लोकसभेत ते मंजूर झालंच नाही आणि २०१४ मध्ये लोकसभेची मुदत संपली तसं बारगळलं. ही दुसरी बातमी कुणी वाचली नाही. बाकीची भर परदेशातून पडली. २०२३ मध्ये अश्रफ हकीमी या फुटबॉलपटूची कथा आपल्याकडच्या प्रत्येक ग्रुपवर फिरली: बायको घटस्फोटाला गेली आणि कळलं की सगळं आईच्या नावावर आहे. तिला दुजोरा देणारा पुरावा कधीच समोर आला नाही. समजा ती खरी असती, तरी युरोपातल्या अनेक देशांत लग्नानंतरची कमाई दोघांची धरतात, त्या पद्धतीवर ती बेतलेली होती. जिथे वाटणीच नाही, तिथे वाटणीतून सुटण्याची युक्ती आपण चवीने वाचली.

आणि मग जुलै २०२५. मुंबईतलं जोडपं, अठरा महिन्यांचा संसार, पत्नीने मागितला फ्लॅट, बारा कोटी रुपये आणि बीएमडब्ल्यू. तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांनी सुनावणीत तिला सुनावलं, की तुम्ही शिकलेल्या आहात, कमवा. ही बातमी इतकी फिरली की आजही 'बघा, अठरा महिन्यांचे बारा कोटी' म्हणून पुढे येते. मागणी आणि निकाल यांतला फरक बातमी फिरवणाऱ्याला नको असतो. बारा कोटी मिळाले नाहीत. प्रकरण फ्लॅटवर मिटलं, आणि तेही संविधानाच्या कलम १४२ खाली, जो अधिकार देशात फक्त सर्वोच्च न्यायालयाला आहे. शिवाजीनगरच्या किंवा वांद्र्याच्या कौटुंबिक न्यायालयाला तसं करता येत नाही. त्या एका प्रकरणावरून आपल्या मुलाचं भवितव्य ठरवणं म्हणजे शेजाऱ्याला लॉटरी लागली म्हणून घरखर्चाचा हिशेब सोडून देणं.

आता तो सल्लाच तपासू. फ्लॅट आईच्या नावावर करायचा म्हणजे नेमकं काय करायचं? एक वाट बक्षीसपत्राची. आईबापांनी राहतं घर मुलाला बक्षीस दिलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये, बायकोला दिलं तरी तेवढंच. मुलाने आईला द्यायचं म्हटलं की ती सवलत नाही, बाजारमूल्यावर टक्केवारीने शुल्क पडतं. म्हणजे ज्या बायकोला घर जाऊ नये म्हणून हा खटाटोप, तिलाच ते सगळ्यात स्वस्तात देता आलं असतं! बरं, एकदा बक्षीसपत्र नोंदलं की मन बदललं म्हणून ते परत घेता येत नाही. घर आईचं झालं. आईने मृत्युपत्र केलं नाही तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे ते तिचा नवरा, मुलगे आणि मुली यांच्यात समान वाटलं जातं. होऊ न शकणाऱ्या अर्ध्या वाटणीच्या भीतीने माणूस स्वतःच्या कमाईचं घर भावंडांत वाटून मोकळा होतो. पुढे दोन भाऊ नि एक बहीण दिवाणी न्यायालयात भेटतात, तेव्हा सल्ला देणारा सीनियर निवृत्त झालेला असतो.

दुसरी वाट, घर मुळात आईच्याच नावावर घ्यायचं आणि पैसे मुलाने भरायचे. ही जास्त धोक्याची. बेनामी व्यवहारांविरुद्धचा १९८८ चा कायदा २०१६ मध्ये कडक झाला. स्वतःच्या ज्ञात उत्पन्नातून पती, पत्नी किंवा मुलाच्या नावावर घर घेतलं तर ते बेनामी धरत नाहीत. आई-वडील आणि भावंडांच्या बाबतीत मात्र अट आहे: पैसे भरणाऱ्याचंही नाव दस्तावर सहमालक म्हणून हवं. एकट्या आईच्या नावावर, मुलाच्या पैशाने, मनातून घर मुलाचंच, असा व्यवहार बेनामी ठरला तर मालमत्ता सरकारजमा होऊ शकते. आणि सरकारचं लक्ष गेलं नाही तरी मुलाला 'हे खरं तर माझं आहे' असा दावा आईविरुद्ध लावता येत नाही, कायद्यानेच ती वाट बंद केली आहे. आईला उघडपणे पैसे बक्षीस देऊन तिने स्वतःचं घर घेतलं तर गोष्ट वेगळी. पण मग ते घर खरोखरच आईचं. सल्ला देणाऱ्याला तेच नको असतं. त्याला कागदावर आई हवी आणि किल्ली मुलाच्या खिशात.

एवढं करूनही ज्या गोष्टीची भीती रास्त आहे, ती टळत नाही. ती भीती राहण्याच्या हक्काची. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यात पत्नीला सामायिक घरात राहण्याचा हक्क आहे. आधी सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये त्याचा अर्थ आक्रसून लावला होता: घर सासूचं असेल तर ते सामायिक घर नाही. नेमका तोच निकाल 'आईच्या नावावर कर' या सल्ल्याचा खरा आधार होता. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये त्याच न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी तो निकाल रद्द ठरवला. सून जिथे नांदली ते घर सासरच्या नातेवाइकाच्या मालकीचं असलं तरी सामायिक घर असू शकतं. म्हणजे सल्ल्याचा पाया २०२० मध्येच गेला, सल्ला मात्र जुन्या कॅसेटसारखा वाजतोच आहे.

इथे पलीकडच्या बाजूचं एक म्हणणं मी मान्य करतो. चार महिन्यांत लग्न मोडलं, दोघं एकमेकांचं तोंड बघत नाहीत, आणि तरी एकाच फ्लॅटमध्ये एका खोलीत ती आणि दुसऱ्या खोलीत त्याचे म्हातारे आईवडील, असं वर्षानुवर्षं चालतं. वर लग्नाला वर्ष होईपर्यंत, अपवादात्मक हाल सोडले तर, घटस्फोटाचा अर्जच करता येत नाही. परस्परसंमतीने घ्यायचा तर आधी वर्षभर वेगळं राहणं आवश्यक. हा छळ खरा आहे आणि तो फक्त एकाच बाजूला सोसावा लागत नाही. पण राहण्याचा हक्क म्हणजे मालकी नव्हे, तो कायमचाही नव्हे. २०२० च्या त्याच निकालात न्यायालयाने सासू-सासऱ्यांच्या शांततेचा तोल सांभाळायला सांगितलं आहे, आणि कायदा पर्यायी जागा किंवा तिचं भाडं देण्याची वाट ठेवतो. ज्याला घर मोकळं हवं, त्याने दस्तावरची नावं फिरवण्यापेक्षा पहिल्याच तारखेला भाड्याच्या जागेचा ठोस प्रस्ताव द्यावा. वकिलाच्या फीपेक्षा तो बहुतेक वेळा स्वस्त पडतो.

मुळात अल्पकाळाच्या लग्नात कोणाचं काय बुडतं, हा प्रश्न 'अर्धं घर'वाले विचारतच नाहीत. घर ज्याचं आहे त्याचं राहतं. बुडतात त्या हलवता येणाऱ्या वस्तू, आणि सगळ्यात आधी सोनं. लग्नानंतर आठवड्याभरात सासूबाई म्हणतात, 'लॉकरला ठेवूया, घरात नको.' पाटल्या, तोडे, ठुशी डब्यात जातात, लॉकर सासूच्या किंवा नवऱ्याच्या नावाचा असतो. मुलगी सहा महिन्यांनी माहेरी परतते ती एका बॅगेनिशी. स्त्रीधन ही तिची एकटीची मालमत्ता, नवऱ्याकडे असली तरी विश्वासाने ठेवलेली, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये प्रतिभा राणी खटल्यातच सांगितलं. तरीही केरळच्या एका प्रकरणात २००३ साली लग्न झालेल्या स्त्रीला तिच्या ८९ सॉव्हरिन सोन्यासाठी २०२४ पर्यंत भांडावं लागलं. तिचं म्हणणं होतं की पहिल्याच रात्री नवऱ्याने दागिने घेतले आणि सांभाळायला आपल्या आईकडे दिले. खालचं न्यायालय तिच्या बाजूने, उच्च न्यायालय विरुद्ध, शेवटी सर्वोच्च न्यायालयाने २५ लाख रुपये देवविले. एकवीस वर्षं गेली. कुठल्या नवऱ्याने घर वाचवायला एवढी वर्षं घालवल्याचं तुमच्या ऐकिवात आहे?

यात गंमत अशी, की हे टाळायची सोय नियमांत १९८५ पासून आहे. हुंडा प्रतिबंधक कायद्याखालच्या नियमांप्रमाणे वधूला आणि वराला मिळालेल्या भेटींची वेगवेगळी लेखी यादी करायची असते: वस्तू काय, अंदाजे किंमत, कोणी दिली, त्याचं नातं काय, आणि खाली दोघांच्या सह्या. आपल्याकडे लग्नाआधी बैठकीत याद्या होतात. मानपान किती, साड्या किती, जेवणं कोणाकडे, किती तोळे, सगळं दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांच्या साक्षीने कागदावर येतं. मागण्यांची यादी लिहिताना कुणाचा हात थरथरत नाही. आलेल्या वस्तूंची यादी करा म्हटलं की मात्र 'आमच्यावर विश्वास नाही का?' असा प्रश्न येतो. बेनामी व्यवहार करायला निघालेल्या घराने विश्वासाची भाषा करू नये.

यादी नसेल तर सोनाराच्या पावत्या, लग्नाचा अल्बम आणि लॉकरची नोंद यांवर भागवावं लागतं. या वस्तू परत मिळवायला हिंसाचार प्रतिबंधक कायद्यातच मार्ग आहेत. दंडाधिकारी स्त्रीधन परत करायचा हुकूम देऊ शकतात आणि लॉकर किंवा खातं वापरायला मनाई करू शकतात. अर्ज लवकर केला तर लॉकर रिकामा होण्याआधी ती मनाई लागू शकते. त्याऐवजी आधी छळाची फिर्याद ठोकायची, सासूच्या बहिणीपर्यंत सगळ्यांची नावं घालायची आणि मग तडजोडीत दागिने मागायचे, हा जो काही वकिलांचा शिरस्ता झाला आहे, त्याला माझा तितकाच विरोध आहे. फौजदारी फिर्याद हे वसुलीचं साधन झालं की खऱ्या छळाच्या फिर्यादीकडेही सौदा म्हणूनच बघितलं जातं. आणि दागिने तर त्यातही शेवटीच येतात.

दुसरी बुडणारी गोष्ट दिसतच नाही. फ्लॅट त्याच्या नावावर, हप्ता त्याच्या पगारातून, आणि किराणा, वीज, मेंटेनन्स, सणवार, मोलकरणीचा पगार हिच्या पगारातून. संसारात ही वाटणी सोयीची वाटते. मोडताना त्याच्याकडे फ्लॅट उरतो आणि हिच्याकडे गुगल पेचा इतिहास. तिच्या वडिलांनी डाउन पेमेंटला रोख दिलेले पाच-सात लाख तर कुठेच नसतात. तिने पैसे थेट कर्जखात्यात भरले असते, किंवा वडिलांनी चेकने दिले असते, तर कौटुंबिक न्यायालयात त्यावर दावा सांगता आला असता, कारण नवरा-बायकोतल्या मालमत्तेचे वाद तिथे चालतात. दोघांच्या नावावर घर असेल आणि कोणी किती भरलं याचा पुरावा असेल, तर हिस्सा त्या प्रमाणात धरता येतो. पुरावाच नसेल तर समान. हा नियम मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ४५ चा आहे आणि तो दोघांनाही लागू आहे. मुद्रांक शुल्कात एक टक्का वाचतो म्हणून बायकोच्या एकटीच्या नावावर फ्लॅट घेणाऱ्या नवऱ्यांनीही हप्ते कोणत्या खात्यातून जातात ते लिहून ठेवावं.

कर्जाचं वेगळंच. बँकेच्या लेखी घटस्फोट ही घटनाच नाही. ती सहकर्जदार असेल तर त्याने हप्ते थांबवले की तिचाही सिबिल स्कोअर पडतो आणि तिला स्वतःचं छोटं घर घ्यायला कर्ज मिळत नाही. संमतीच्या अटींत 'फ्लॅट पतीकडे राहील' एवढं लिहून सही करणारे वकील मी पाहिले आहेत. कर्जातून तिचं नाव काढण्याची तारीख त्यात नसते. नामनिर्देशनाचंही तेच: विमा, सोसायटी, बँक, कुठेच नाव आपोआप बदलत नाही. आणि खटला चालू असताना एकाचा मृत्यू झाला तर कायद्याने दुसरा अजून वारस असतो, मग भांडण कितीही विकोपाला गेलेलं असो. ज्याला खरंच घर सांभाळायचं आहे त्याने बक्षीसपत्रावर लाखो रुपये घालण्याआधी साधं मृत्युपत्र करावं. त्याला मुद्रांक शुल्क लागत नाही.

राहिला गोवा. तिथे भीतीला आधार आहे. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा तिथे चालू आहे. वेगळा करार नसेल तर लग्नाबरोबर दोघांची मालमत्ता, आधीचीसुद्धा, एकत्र होते आणि मोडताना अर्धी-अर्धी. पण तिथेच उपायही आहे: लग्नाआधी नोंदणीकृत करार करून मालमत्ता वेगळी ठेवता येते, एकदा लग्न झालं की मात्र तो बदलता येत नाही. गोव्यातल्या मामाने हा सल्ला जरूर द्यावा. सावंतवाडीच्या अलीकडच्या मामाने तो उसना घेऊ नये. महाराष्ट्रात असा लग्नपूर्व करार न्यायालयावर बंधनकारक नाही, हल्ली त्याचे नमुने विकणारे काहीही म्हणोत.

माझा खरा आक्षेप मात्र या भीतीने होणाऱ्या अडवणुकीला आहे. लग्नानंतरच्या कमाईत दोघांचा वाटा मोजणारा कायदा हवा, असं कोणी म्हटलं की हेच लोक अठरा महिन्यांच्या लग्नाचं उदाहरण पुढे करतात. जर्मनीत करार नसेल तर लग्नकाळात प्रत्येकाच्या संपत्तीत पडलेली भर मोजतात आणि जिची भर कमी, तिला किंवा त्याला फरकाचा अर्धा भाग देतात. आधीचं घर ज्याचं त्याचं. ही पद्धत इथे आणली तर अठरा महिन्यांत काय वाटायला येईल ते बघा. पन्नास लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के, वीस वर्षं: हप्ता सुमारे ४३,४०० रुपये. दीड वर्षात भरले जवळपास ७ लाख ८० हजार, त्यातली फिटलेली मुद्दल साधारण दीड लाख, बाकी सगळं व्याज. घराची किंमत वाढली असेल तर ती वाढ वेगळी मोजा, तिची बचत झाली असेल तर तीही तिच्या बाजूला धरा. हप्त्यांपुरता तिचा जास्तीत जास्त अर्धा वाटा होतो ७६ हजार रुपये.